स्पिती: आधी मुक्काम ठरवा, मग ठिकाणं

स्पितीच्या सहलीचं कुठलंही पत्रक हातात घ्या. आठ-नऊ दिवस, चंदीगड ते चंदीगड, आणि पानभर नावं: चंद्रताल, कुंझुम, काझा, की, किब्बर, चिचम, लांगझा, हिक्किम, कोमिक, धनकर, ताबो, जमलं तर पिन खोरंही. सकाळी किती वाजता निघायचं ते लिहिलेलं असतं, पोहोचल्यावर तिथे किती वेळ थांबायचं ते बहुधा नसतं. यात कुणी कुणाला फसवतं असं नाही. पत्रकात छापलेलं सगळं दाखवलं जातं आणि लोक फोटो घेऊन खुशीत परततात. तरीही या आखणीचा पायाच चुकलेला आहे असं माझं मत आहे. ती ‘पॉइंट’ मोजून केलेली असते, आणि हजार वर्षांच्या मठांचा, जेमतेम बारा हजार वस्तीचा, साडेतीन हजार मीटरवरचा हा ग्रामीण प्रदेश पॉइंट मोजून हाती लागत नाही. कागद घेतला की त्यावर आधी रात्रींचा हिशेब मांडावा: कोणत्या गावात किती मुक्काम. ठिकाणं त्यातून आपोआप ठरतात, आणि बरीचशी गळतात. गळू द्यावीत.

सगळ्यात रोखठोक कारण शरीराचं आहे. काझा हे स्पितीचं मुख्य गाव साधारण ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे मुंबईत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या दोन तृतीयांशावर भागवावं लागतं. शरीर हे शिकतं, पण त्याला वेळ लागतो. तो वेळ तंदुरुस्तीने कमी होत नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि त्याच्याबरोबरच्या बैठ्या माणसाला होत नाही, असं हमखास दिसतं. गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रातला प्रचलित नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. नियम झोपण्याच्या उंचीचा आहे, हे लक्षात घ्यायला हवं. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपणं चालतं. आता पत्रकाकडे पुन्हा पाहा. मनाली दोन हजार मीटरवर आहे. तिथून सकाळी निघून संध्याकाळी काझाला पोहोचणारा माणूस एका रात्रीत सतराशे मीटर वर चढून झोपतो. वाटेत चंद्रतालला तंबूत मुक्काम केला तर ती उंची चार हजार दोनशेच्या वर जाते. त्या रात्री डोकं ठणकणं, मळमळणं, झोप न लागणं याला लोक ‘प्रवासाचा शीण’ म्हणतात आणि गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी ४,५०० मीटरवरच्या कोमिकला जातात. बहुतेकांचं निभावतं. ज्यांचं निभावत नाही त्यांच्या फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागतं, आणि तेव्हा खाली उतरण्याला पर्याय नसतो. प्रश्न असा की मनालीच्या बाजूने खाली उतरायचं तर आधी साडेचार हजार मीटरचा कुंझुम घाट चढावा लागतो.

म्हणूनच रस्ता निवडणं हाही आखणीचाच भाग आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून निघणाऱ्याचा रोहतांग घाट वाचला. त्यामुळे स्पिती ‘जवळ आलं’ अशी जाहिरात सुरू झाली. अंतर कमी झालं हे खरं, उंची होती तेवढीच आहे. उलट सिमल्याकडून किन्नौरमार्गे जाणारा रस्ता जवळपास दुप्पट लांबीचा, पण शरीराच्या दृष्टीने शहाणा आहे. सिमला बावीसशे मीटर, सराहन तेवीसशे, कल्पा तीन हजारांच्या जरा खाली, आणि त्यानंतर नाकोला न थांबता पुढे गेलं तर ताबो ३,२८० मीटरवर. प्रत्येक पायरी नियमात बसते. योगायोग असा की स्पितीतला सर्वांत जुना आणि सर्वांत पाहण्यासारखा मठ याच ताबोत आहे. निसर्गाने आणि इतिहासाने मिळून आखलेला हा क्रम पर्यटन कंपन्या उलटा करतात, कारण मनालीचं नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

ताबो बाहेरून पाहिलं तर निराशा होते, आणि घाईतल्या प्रवाशाची ती होतेच. डोंगरकड्यावर रचलेला, पोस्टरवर शोभणारा मठ अशी अपेक्षा असते. इथे सपाट जमिनीवर मातीची कुंपणभिंत आणि आत मातीच्याच, खिडक्या नसलेल्या, ठेंगण्या इमारती. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओद याने ९९६ साली हा मठ उभारला. त्याच्याच घराण्यातल्या जंगछुब-ओद याने सेहेचाळीस वर्षांनी, १०४२ साली, त्याचा जीर्णोद्धार केला आणि तसा लेख आतल्या भिंतीवर आहे. म्हणजे महाराष्ट्रात शिलाहारांची अंबरनाथ-कोल्हापूरकडची राजवट ऐन भरात होती तेव्हाची ही वास्तू, आणि तेव्हापासून आजवर पूजा-पठणात खंड जवळजवळ पडलेला नाही. हिमालयात हजार वर्षं वापरात असलेली आणि आतली सजावट शाबूत राहिलेली बौद्ध वास्तू इतकी दुर्मीळ आहे की १९३३ साली इटालियन अभ्यासक ज्युझेप्पे तुची इथे आले आणि तिबेटी कलेच्या इतिहासात ताबोचं स्थान पक्कं झालं.

मुख्य सभागृहात शिरलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. उजेड छतातल्या लहानशा झरोक्यातून येतो तेवढाच. डोळे सरावले की भिंतींतून पुढे झुकलेल्या मातीच्या मूर्ती दिसू लागतात, तिसाहून अधिक, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, पायाखाली आधार नसल्यासारख्या. मधोमध चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. आपण एका मंडलाच्या आत उभे आहोत हे तेव्हा कळतं: कागदावर किंवा कापडावर सपाट काढलेलं मंडल इथे खोलीभर उभं केलेलं आहे. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात चित्रांची मालिका आहे. एका बाजूला बुद्धचरित्र, दुसऱ्या बाजूला गंडव्यूह सूत्रातल्या सुधनाची कथा. हा सुधन ज्ञानाच्या शोधात निघतो आणि पन्नासहून अधिक गुरूंना भेटत जातो. त्यांत भिक्षू आहेत तसे राजे, नावाडी, गंधी आणि गणिकाही आहेत. प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. ही मालिका क्रमाने, भिंतीच्या कडेने चालत, विजेरीच्या बेताच्या उजेडात पाहायची तर दोन तासही अपुरे पडतात. काश्मिरी चित्रकारांचा हात कुठे जाणवतो, स्थानिक माणसांचे पोशाख कुठे येतात, हे दुसऱ्या फेरीत दिसतं. आत फोटो काढायला बंदी आहे, आणि ही बंदी फार चांगली आहे. फोटोच काढायचा नसेल तर वीस मिनिटांच्या भेटीत करण्यासारखं काही उरत नाही आणि दोन दिवसांच्या भेटीत भरपूर उरतं. अजिंठ्याला गर्दीच्या दिवशी पहारेकऱ्याच्या ‘चला पुढे’ या गजरात पद्मपाणी पाहिलेल्या मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

‘पण मठ सगळे सारखेच,’ हा आक्षेप ओघाने येतो. एका दिवसात चार पाहिले तर ते सारखे दिसतात हे मान्य. सावकाश पाहिले तर त्यांच्यातलं साम्य संपतं. ताबो सपाटीवर आहे, कारण ते उभारलं तेव्हा राजाश्रय होता. धनकर स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावरच्या ठिसूळ सुळक्यावर चिकटलेलं आहे, कारण ते किल्ल्याच्या आणि राजधानीच्या जागी आहे. त्याच्या पायाखालची जमीन झिजते आहे, आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ साली जगातल्या शंभर धोक्यातल्या वारसास्थळांत त्याची नोंद केली. की मठ हल्ले, आग आणि १९७५चा भूकंप सोसून पुन्हा पुन्हा बांधला गेला. डोंगरावर एकावर एक चढलेल्या त्याच्या खोल्या हा त्या दुरुस्त्यांचाच आलेख आहे. हे तिन्ही तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग पंथाचे. कोमिकचा मठ साक्य पंथाचा, तर पिन खोऱ्यातलं कुंगरी निंग्मा पंथाचं, आणि त्या खोऱ्यात गावोगाव फिरून धर्मकथा सादर करणाऱ्या बुछेन लोकांची वेगळीच परंपरा आहे. लालुंगच्या लहानशा मंदिरातलं मातीचं शिल्पकाम ताबोच्या तोडीचं आहे आणि तिथे गर्दी नसते. मात्र पत्रकांना या फरकांत रस नाही. त्यांना रस आहे ‘सगळ्यात उंच’ या बिरुदात: उंच टपाल कार्यालय हिक्किमला, उंच गाव कोमिकला, उंच पूल चिचमला. एका दिवसात तीन विक्रम गाठून माणूस संध्याकाळी काझ्यात परततो. हिक्किमहून स्वतःलाच कार्ड पाठवणं ही हौस म्हणून ठीक आहे, पण कोमिकला जाऊन मठाऐवजी पाटी पाहून परतायचं हे अजबच म्हणायचं.

मठ गावापासून तोडून पाहिला तर अर्धाच कळतो, हे आणखी एक कारण. स्पितीत जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडं. बर्फाचं पाणी पाटांनी, तिथल्या भाषेत कुलांनी, शेतापर्यंत आणायचं आणि ठरलेल्या पाळीने घ्यायचं. अशा ठिकाणी शेताचे तुकडे पडले तर कुणाचंच पोट भरणार नाही, म्हणून परंपरेने घर-जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांपैकी एकाला मठात धाडत. मठाला माणसं मिळत, शेताला तुकड्यांपासून संरक्षण मिळे. आज मटाराच्या पिकाने, शाळेने आणि पर्यटनाने ही घडी पुष्कळ बदलली आहे, पण अनेक घरांतला कुणी ना कुणी अजूनही मठात असतो आणि पेरणीचा, कापणीचा, उत्सवांचा काळ अजूनही एकमेकांत गुंतलेला आहे. ताबोत किंवा लालुंगला कुणाच्या घरी दोन-तीन रात्री राहिलं, जवाचं पीठ आणि लोण्याचा खारट चहा जिभेला परका वाटेनासा झाला, सकाळच्या प्रार्थनेला मागे गप्प बसलं, की हे नातं दिसतं. मार्गदर्शकाने गाडीतून सांगितलेल्या माहितीत ते येत नाही, कारण तो ती सांगत असतो तेव्हा आपण पुढच्या पॉइंटच्या घाईत असतो.

आता सगळ्यांत व्यावहारिक आक्षेप: एवढी रजा कुणाला मिळते? मी सुचवतो तशी आखणी म्हणजे सराहनला एक, कल्पाला दोन, ताबोला तीन, धनकर किंवा लालुंगला दोन, काझ्याला दोन, पिनला एक-दोन मुक्काम, शिवाय जाण्या-येण्याचे आणि दरड कोसळली तर हाताशी ठेवायचे दोन दिवस. पंधरा-सोळा दिवस सहज जातात, आणि खासगी नोकरीत सलग इतकी रजा मागितली तर साहेब भुवई उंचावतो. आक्षेप खरा आहे आणि त्याला माझं उत्तर काहींना कठोर वाटेल: आठच दिवस असतील तर स्पितीला जाऊ नये. त्या आठ दिवसांत किन्नौर उत्तम होतं. सांगला आणि मग कल्पा या क्रमाने गेलं तर उंचीचाही प्रश्न फारसा येत नाही, आणि पुढे नाकोला अकराव्या-बाराव्या शतकातली बौद्ध मंदिरंही आहेत. तीनच दिवस असतील तर जुन्नर आहे. त्या एका तालुक्याच्या परिसरात दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत आणि त्यांतले कित्येक बौद्ध भिक्षूंचे विहार आहेत. लेण्याद्रीचा गणपती ज्या दालनात आहे तेही मुळात विहारच. अष्टविनायकाच्या बसमधून उतरणारे हजारो लोक दर्शन घेऊन निघून जातात, शेजारच्या चैत्यगृहात डोकावायला त्यांना वेळ नसतो. म्हणजे घाईची सवय काही हिमालयात गेल्यावर लागत नाही.

खर्चाचा आक्षेप त्या मानाने दुबळा आहे. स्पितीच्या सहलीत मोठा खर्च गाडीचा असतो, घरगुती मुक्कामाचा नव्हे. मुक्काम वाढवले आणि गाडीचे दिवस कमी केले तर हिशेब फारसा बिघडत नाही. रेकाँग पिओहून काझाला जाणारी हिमाचल परिवहनची बस रोज असते आणि ताबो तिच्या वाटेवरच आहे. बस दमवते, रस्ता पोटात गोळा आणतो, हे सांगून ठेवलेलं बरं. ज्येष्ठांचं काय, असं विचारलं जातं, तेव्हा उत्तर उलट दिशेने द्यावं लागतं: हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नये, पण ज्याला डॉक्टरने हिरवा कंदील दाखवला आहे अशा साठीच्या पुढच्या माणसाला सावकाश सहलच झेपते. घाईची सहल तरुणांनाही झेपत नाही, ते फक्त बोलून दाखवत नाहीत.

खरा जड आक्षेप वेगळा आहे आणि तो पर्यटकांकडून येत नाही. जास्त दिवस राहणारा पाहुणा जास्त पाणी वापरतो, जास्त कचरा करतो. मग नाजूक प्रदेशावर उपकार करायचे तर लवकर निघून जाणंच बरं नाही का? संपूर्ण लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३१,५६४ होती आणि क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर. इतक्या विरळ वस्तीच्या प्रदेशात हंगामाच्या चार महिन्यांत बाहेरच्यांचा लोंढा आला तर स्थानिक व्यवस्था कोलमडणारच. पण भार माणसागणिक पडतो की रात्रीगणिक, हे पाहायला हवं. घराच्या एका खोलीत एकच जोडपं चार रात्री राहिलं किंवा चार जोडपी एकेक रात्र राहिली, तरी भरलेल्या रात्री चारच. फरक असा की दुसऱ्या प्रकारात चादरी चारदा धुतल्या जातात आणि गाड्या चारदा खोऱ्यात शिरतात. शिवाय घाईचा प्रवासी काझ्यातल्या हॉटेलात उतरतो, त्याला चोवीस तास नळ आणि फ्लशचा संडास लागतो. गावातल्या घरांत परंपरेने कोरडे संडास असतात. त्यांना पाणी लागत नाही आणि त्यांतलं खत वसंतात शेतात जातं. पैशाची वाटही वेगळी आहे. डेमुलसारख्या गावात घरं पाळीपाळीने पाहुणे घेतात, त्यामुळे मिळकत एका हुशार हॉटेलवाल्याकडे न साचता गावात फिरते. तरीही हे उत्तर अपुरं आहे, हे मान्य करायला हवं. सावकाश प्रवासाची फॅशन झाली आणि सगळेच पंधरा दिवसांसाठी आले, तर प्रवाशांच्या शहाणपणावर भिस्त ठेवून चालणार नाही, संख्येवर मर्यादा घालावी लागेल. ती किती असावी हे तिथल्या गावांनी ठरवायचं. मातीच्या वास्तूंच्या बाबतीत तर ती आजच हवी. माणसांच्या श्वासातली वाफ भित्तिचित्रांचं काय करते हे अजिंठ्याने आपल्याला महागात शिकवलं आहे, आणि ताबोची छतं कोरड्या हवेसाठी बांधलेली आहेत, वाढत्या पावसासाठी नव्हेत.

कधी जायचं हा प्रश्न मराठी माणसाला जरा अडचणीचा पडतो. मे महिन्यात शाळांना सुटी असते, पण कुंझुम बहुधा बंद असतो, त्यामुळे किन्नौरच्याच वाटेने जावं आणि त्याच वाटेने परतावं लागतं. माझ्या मते ही अडचण नसून सोयच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती स्वतः पर्जन्यछायेत असलं तरी किन्नौरचा रस्ता दरडींमुळे वारंवार बंद पडतो. सर्वांत उत्तम सप्टेंबर: आकाश स्वच्छ, शेतं कापणीला आलेली, गर्दी ओसरलेली. नेमका तेव्हाच गणपती येतो, त्याला इलाज नाही. दिवाळीत थंडी बोचरी असते आणि पुष्कळ घरं पाहुणे घेणं थांबवतात. कधीही गेलात तरी रोख पैसे आणि नेहमीची औषधं पुरेशी न्यावीत. उंचीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे शेजाऱ्याला न विचारता डॉक्टरला विचारावं. डोकं दुखू लागलं तर तो मुक्काम तिथेच वाढवायचा, वर जायचं नाही. ज्याच्या आखणीत वाढवायला मुक्कामच नाही, त्याला हा साधा उपाय करता येत नाही.

महाराष्ट्रातून स्पितीला सहली नेणाऱ्या कंपन्यांकडे एक मागणी करण्यासारखी आहे. तिला कायदा लागत नाही आणि खर्चही येत नाही. पत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामासमोर त्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची छापावी. तेवढ्या एका रकान्याने कोणती सहल माणसासाठी आखली आहे आणि कोणती यादीसाठी, हे गिऱ्हाइकाला बसल्या जागी कळेल. वाचकांनी तो रकाना मागावा, आणि तो मिळत नसेल तर आगाऊ रक्कम भरू नये.